ओकायातलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान

कुरामोचींनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली :
तीन कॅमेरे, एकाच घराण्यातले.

थोरला तिप्पट झूमचा.
बॅटऱ्या खायचा अधाशासारखा,
पण चेहऱ्याचा रंग कधी चुकला नाही, म्हणाले.
मधला दहापट. उन्हात राजा;
दिवेलागणीला चित्रभर रवा सांडायचा.

धाकटा तीसपट, तरी खिशात मावणारा.
यानं सुवा तळ्यापलीकडचे बगळे मोजलेत,
चंद्राचे व्रण दाखवलेत.
नाक लांब काढलं की जरा थरथरतो.
"माझाच हात असेल."

मी किंमत लिहीत होतो.

"पलीकडच्या काठावर इस्पितळ आहे ना,
चौथा मजला, डावीकडून सहावी खिडकी.
रोज संध्याकाळी याच्यातून बघायचो.
पिवळा चौकोन यायचा,
त्यात एक दाणा जरा गडद.
ती फुसाए, की नुसता रवाच,
कळायचं नाही."

धाकट्याचे अकरा हजार येन झाले. मधल्याचे नऊशे.
थोरल्याचं काहीच येणार नाही, मी सांगितलं.

त्यांनी तो परत रुमालात बांधला.
"याला लांबचं दिसत नाही.
बसनं जावं लागतं."

तळ्याला वळसा, बावीस मिनिटं.
निघताना चार बॅटऱ्या घेतल्या, रोखीनं.