बेडकुळी

मसल म्हणजे छोटा उंदीर, दादा.
लॅटिनमधला. मस्क्युलस.
पुस्तकात तळटीप आहे, मुंगीएवढ्या अक्षरात.

दादा पतपेढीच्या कॅलेंडरकडे बघत होते,
महिना मागचाच.
म्हणाले, कसला?
उंदीर. छोटा.
हसले नाहीत. अर्धं तोंड
अजून हसायला तयार होत नाही.

स्नायू हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचला
डिस्चार्ज कार्डावर.
त्याआधी दंडात असायची ती बेडकुळी.
कोपरखैरण्याच्या खोलीत, संध्याकाळी,
मानेवर तूरडाळीची धूळ तशीच,
ते बाही सारायचे, मूठ आवळायचे,
आणि चाळीतली पोरं रांगेनं बोट लावून जायची.
टुणकन वर!
माझा नंबर शेवटचा. मी मालकीण,
मला दोनदा.

एकतीस वर्षं दाणाबंदरात.
पोती हलकी झाली
तोवर पाठ जड झाली होती.

बराच वेळ गेला. मग जड जिभेनं,
एकेक अक्षर थप्पीवरून उतरवत, म्हणाले,
पोतं उचललं की खालनं पळतो.
शेपटी दिसती नुसती.
ज्यानं नाव ठेवलं
त्यानं गोदाम बघितलं असणार.

हे तळटीपेत नाही.
पण मला दिसलं एक बंदर,
गव्हाचं जहाज, फळीवरून उतरणारा कुणी उघडा हमाल
आणि सावलीत उभा एक शहाणा माणूस,
हातात काहीच नसलेला.
त्यानं कातडीखालची धावपळ पाहिली,
तिला नाव दिलं.
हमालाला विचारलं नसेल, तुम्ही काय म्हणता याला?

उजव्या दंडाला पट्ट्या लावल्या, जेल लावलं.
दंड कसला, वाळत घातलेली बाही.
बटण फिरवलं. तीन. चार.
दादांनी डोळे मिटले.
सहावर
कातडीखाली काहीतरी सरकलं.
बेडूक नाही, बेडकाला उडी लागते.
हे जरासं हललं आणि थांबलं,
कान टवकारून.

हाय, दादा म्हणाले.
आत हाय अजून.

मशीनची चार मिनिटं उरली होती.
खाली भंगारवाला ओरडत होता,
मी उठून खिडकी लावली, हळूच,
कडीचा आवाज होऊ न देता.