वारं

अंगावरून वारं गेलं, म्हणतेत गावात.
मले तं वारं माहीत.
चाळीस वर्सं बोडीच्या पाळीवर उभं राहून
जाळं फेकायच्या आधी
ओलं बोट वर करून पाहत आलो मी वारं.
ते असं येत नसते,
पहाटे, खाटेवरून पाय खाली ठेवताना.
पाणी मागायले गेलो तं जीभ
दाव्यानं बांधल्यासारखी
अन डावा हात खाटेखाली लोंबत,
कोणाचा तरी दुसऱ्याचा.

भंडाऱ्याले सतरा दिवस. भागरतानं मोजले,
सलाईनच्या बाटल्याही.
घरी आलो तेव्हा
मच्छी सोसायटीत माह्या जागी
पुतण्याचं नाव चढलं होतं.
मी काही बोललो नाई.
बोलता येत असतं तं बोललो असतो.

आता मंगळवार, शुक्रवार
उपकेंद्राच्या व्हरांड्यात आम्ही पाचजण.
खुर्च्या ग्रामपंचायतीच्या,
सरकू नये म्हणून भिंतीले टेकवलेल्या.
प्रणोती नावाची पोरगी येते लाखांदूरकडून,
मोपेडच्या मागं चटया बांधून.
मले वाटलं, योग म्हणजे टीव्हीतल्यासारखा,
पाय मानेवर.
भागरताकडं पाह्यलं,
हे मले मारायले आणलं का तू?
पोरगी म्हणाली, काका, आज फक्त खांदे
कानाकडं न्या, अन सोडा.
बस?
बस.
तेवढ्यानं मले घाम आला.

बाजूच्या खुर्चीवर हरिणखेडे गुरुजी.
त्यायची सगळी भाषा गेली, एकच शब्द उरला,
बरोबर.
श्वास घ्या, गुरुजी. बरोबर.
गुरुजी, चप्पल उलटी घातली तुम्ही. बरोबर.
एक दिवस रडले,
तेव्हाही बरोबर, बरोबर म्हणत रडले,
अन ज्या पोरीच्या वह्या त्यायनं लाल करून टाकल्या होत्या
ती आता आशाताई झालेली,
पदरानं त्यायचं नाक पुसत होती.

उजव्यानं डाव्याले धरा, प्रणोती सांगते.
बोटांत बोटं घाला.
उचलायचं काम उजव्याचं,
डाव्यानं फक्त संग जायाचं.
दुखलं तं तिथंच थांबा.
मी डाव्याकडं पाहतो. रुसलेला जावई,
पाटावर बसते, पण घास घेत नाई.
भागरताले घाई. ती मागून कोपर ओढते.
ओढू नका काकू, खांदा निखळते,
अन बीपीची गोळी दिली का आज?
भागरता जीभ चावते.

मंग डोळे मिटायचे. हात पोटावर.
वारं हळूच आत घ्या,
हळूच बाहेर सोडा.
मले हसू आलं, तोंडाच्या एकाच कोपऱ्यात.
जे गेलं म्हणतेत
तेच आता मोजून घ्यायचं, चारपर्यंत?
पण घेतलं.
सांजेले बोडीवर अशी एक वेळ येते,
पाणी बैलाच्या कातडीसारखं थरथरते
अन मंग एकदम सपाट.
तेव्हा जाळं फेकायचं नाई. मासा ऐकते.
नुसतं उभं राहायचं.
एवढं मले येत होतं.

पाच महिने झाले.
हात छातीपर्यंत येते, कधी येत नाई.
काठी घेऊन नळापर्यंत जातो,
गुरुजी अजून बरोबरच आहेत.
जाळ्याचं मी कोणाले विचारत नाई.

काल रात्री भागरता कंदिलाजवळ बसून
पुतण्याचं फाटलं जाळं विणत होती.
जाळ्याचा काठ सरकत सरकत
माह्या डाव्या तळव्याखाली आला.
शिश्याच्या गोळ्या.
एक. दोन.
थंड, मी म्हणालो.
शब्द चांगला बाहेर पडला, अख्खा.
भागरता उठली,
वाकळ आणली अन मले गुंडाळलं,
पायापासून गळ्यापर्यंत,
मी नाई, नाई करत असताना.
ती पुन्हा विणायले बसली.
आत, वाकळीच्या अंधारात,
मी बोट हळूच सरकवलं.
तिसरी गोळी कुठं असते
ते मले माहीत होतं.