आधी आटू दे

सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी
धनकवडीत, शेवटच्या बसस्टॉपच्या मागे,
आणि सव्वीस वर्षं प्रत्येकीला तेच सांगतेय:
कापड आधी भिजत घाला, वाळवा,
आटायचं तेवढं आटू द्या.
पाणी न दाखवलेल्या कापडाला मी कात्री लावत नाही.

म्हणून डॉक्टर तांबवेकर जेव्हा म्हणाले,
"अजून नाही,"
तेव्हा मला हसू फुटलं.
त्यांना वाटलं, रडतेय.
टिश्यूचा डबा सरकवला माझ्याकडे.

चौतीस किलो गेले.
थोडे तळजाईच्या चढावर, पहाटे,
मोर ओरडत असताना.
थोडे त्या अर्ध्या भाकरीत, जी रोज रात्री
मी परत डब्यात ठेवली.
कातडं मात्र कुठे गेलं नाही.
ते राहिलं पोटावर,
कार्य उरकलं तरी न सोडलेल्या मांडवासारखं.
परकराच्या नाडीवरून ओघळतं.
उन्हाळ्यात त्याच्या खाली घाम, पुरळ, पावडरचा चिखल.
जिना उतरताना
एक पायरी मागून येतं.

डॉक्टरांनी चिमटीत धरलं,
वर, खाली, तिरकं,
मी कापडाचा ताण बघते तसं.
हात घाईचे नव्हते. मला हातावरून माणूस कळतो.
म्हणाले, "वजन सहा महिने एका जागी राहू दे.
अजून दहा किलो उतरलात, तर पुन्हा सैल पडेल.
वाढलात, तर ताणेल."
मी म्हटलं, मग आत थोडी माया ठेवा ना.
त्यांना कळेना. घरात कुणी शिवत नसावं.
सांगितलं: शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड,
बाई सुटली तर उसवून वाढवायला.
"कातडीत नाही हो ठेवता येत," म्हणाले,
आणि जरा वेळ पेन नुसतंच फिरवत राहिले.

सहा महिने म्हणजे जानेवारी.
जानेवारीत पैसे नाहीत; भिशी फेब्रुवारीत लागते,
विमावाल्यांनी तर हे हौसेत काढलं.
फेब्रुवारीत मुमताजचं बाळंतपण,
म्हणजे दुसरी मशीन बंद.
मार्चमध्ये ऋजुताची बारावी.
एप्रिल-मे लग्नाचे,
आणि दीड महिना इस्त्रीसुद्धा उचलायची नाही म्हणतात.
बाईच्या पोटाला कॅलेंडरात
रिकामा चौकोन नसतो.

वन्सं म्हणाल्या, आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?
म्हटलं, नाडीला.

नवऱ्या मुली येतात, म्हणतात,
मावशी, दोन इंच कमीच शिवा,
लग्नापर्यंत उतरते मी.
मी हो म्हणते. माया ठेवते.
आदल्या रात्री दहाला आई येते पिशवी घेऊन,
दारातच उभी राहते.
मी काही विचारत नाही. चष्मा लावते, उसवते.

दर रविवारी औषधाच्या दुकानातला काटा.
एकाहत्तर दोनशे. एकाहत्तर सहाशे. सत्तर नऊशे.
गणपतीत त्र्याहत्तर,
दुकानदाराचा मुलगा हळूच म्हणाला, काकी, चप्पल काढा.
चप्पल काढली. त्र्याहत्तरच.
मग पुन्हा तळजाई, पुन्हा अर्धी भाकरी,
नवरात्र संपताना एकाहत्तर.

गिऱ्हाइकांच्या वहीत, मागच्या पानावर,
पासलकर हेमलता.
छाती, कंबर, घेर.
'कधी द्यायचं' च्या रकान्यात
पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं, खोडलंय.

काल दुपारी लाइट गेले म्हणून आत गेले,
आरशासमोर उभी राहिले,
दोन्ही हातांनी धरलं ते सगळं,
जादा, मऊ,
खाली ऋजुताच्या सिझरची पांढरी रेघ, सरळ नाही,
घाईत घातलेली.
बोटांना निळा खडू होता, लक्षात नव्हतं.
बेंबीच्या बाजूला चार ठसे उमटले.

पुसणार होते.
बाहेरून ऋजुता ओरडली,
आई, गिऱ्हाईक.