दुकानातली वही

थॉर्नगिलमध्ये एकच दुकान, ते माझं.
पाव, दूध, तिकिटं, मेंढ्यांची औषधं,
आणि गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलेली वही:
ज्याला जे दिसलं, त्याने ते लिहून जायचं.

वीस वर्षांच्या अकरा वह्या झाल्या.
"कुरल परत आले. तीन." – टॅलंटायरबाई, टपाल वाटताना.
"चर्चच्या मनोऱ्यावर बहिरी ससाणा. पाद्र्याचं कबुतर संपलं."
एका पोराने डायनोसॉर लिहिला होता, तारखेसकट.
मी तो खोडला नाही.

मागच्या मे महिन्यात मी स्वतः लिहिलं:
"भोवत्या. नर आणि मादी.
कोल्डबेक ओढ्याच्या वर, पडक्या मेंढवाड्यापासून उजवीकडे."
नर राखी, जवळजवळ पांढरा,
पंखांची टोकं दौतीत बुडवल्यासारखी.
मादी हेदरच्या झुडपांतून वर आली,
त्याच्या खाली उलटी झाली
आणि त्याने सोडलेला उंदीर तिने हवेतच झेलला.
इतकं नेमकं, की मला नवऱ्याची आठवण झाली,
शिडीवरून माझ्याकडे डबे टाकायचा, न बघता.
हे शेवटचं वहीत लिहिलं नाही.
बाकी सगळं लिहिलं. उजवीकडे, हेसुद्धा.

नवव्या दिवशी नर आला नाही.
मादी दोन दिवस अंड्यांवर बसून राहिली,
मग भुकेने उठली.

त्याच्या पाठीवर यंत्र होतं, नऊ ग्रॅमचं,
उपग्रहाशी बोलणारं.
दुपारी चार चाळीसला ते गप्प झालं.
पक्षी मेला तरी यंत्र बोलत राहतं,
न्यूकॅसलहून आलेली मुलगी सांगत होती,
बुटांचा चिखल माझ्या पायपुसण्याला पुसत.
गप्प होतं ते कुणीतरी गप्प केल्यावर.
पोलीस आले, चहा प्याले, माळ तुडवला.
पीस नाही, काडतूस नाही.
ज्याचं प्रेत नाही
त्याचं मरणही नाही, कागदावर.

माळ इस्टेटीचा. ऑगस्टमध्ये लोक येतात,
एका दिवसाला माझा महिन्याचा गल्ला मोजून,
ग्राउझ मारायला.
आणि भोवत्या ग्राउझची पिल्लं खातो, हेही खोटं नाही.
माळाचा राखणदार जॉस हेदरिंग्टन.
घर इस्टेटीचं, जीप इस्टेटीची, कुत्रीसुद्धा.
नोकरी गेली की चार माणसं रस्त्यावर.
रोज सकाळी तो पाव घेतो
आणि मी सुटे मोजेपर्यंत वही चाळतो.
वीस वर्षं चाळतोय.
मला त्याचं कौतुक वाटायचं.

मी कुणावर आळ घेत नाही.
फक्त त्या रात्री वही उघडून माझं अक्षर पाहिलं.
टपोरं, शाळेत बक्षीस मिळालेलं,
कुणालाही वाचता येईल असं.

तेव्हापासून वहीत धुकं फार पडतं.
टॅलंटायरबाई लिहितात, "पाऊस. काही नाही,"
माझ्याकडे बघतात, आणि पेनाला टोपण लावतात.
बाहेर लख्ख ऊन असतं.

यंदा मी दुर्बीण न घेता वर गेले,
कुत्रा फिरवायच्या निमित्ताने.
मला कुत्रा नाही. टॅलंटायरबाईंचा उसना नेला.
मेंढवाड्यापासून – कुठल्या बाजूला ते आता सांगायची नाही –
मादी उठली.
शेपटीच्या मुळाशी तोच पांढरा पट्टा,
आणि उताराच्या पल्याडून एक राखी ठिपका
तिच्याकडे येत होता, घाई नसल्यासारखा.
मी खाली आले. लिहिलं: "धुकं."

सोमवारी जॉसने पाव घेतला
आणि पेन मागितलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा.
"कोल्डबेकच्या वर. रोज फिरतो. काही नाही."
खाली सही, तारीख.
सुटे न घेताच गेला.

दुकान बंद करून मी ती ओळ
किती वेळा वाचली, दिव्याजवळ नेऊन.
आमच्यासारखंच खोटं आहे ते,
की आता खरं झालंय?

अक्षर गिचमिड. त्यातून काही कळत नाही.
उद्या पुन्हा कुत्रा मागायला हवा.