मिनिटाला एक चमचा

चिल्वा सरोवराला बाहेर जायची वाट नाही.
नद्या येतात, ऊन पाणी उचलून नेतं,
मीठ मागे राहतं.
तिथे लव्हाळ्यांच्या तरंगत्या बेटावर
साइझीची झोपडी. तो मातेम्बा पकडतो, वाळवतो,
तेच पाणी पितो,
आणि बाकीचं सगळंही त्याच पाण्यात.

बुधवारी त्यानं लेकाला होडीतून आणलं,
मासळीच्या टोपलीशेजारी निजवून.
लिंबानी. सहा वर्षांचा.
रडत होता, पण गाल कोरडे.
पोटाची कातडी मी चिमटीत धरली, सोडली.
ती तशीच उभी राहिली,
कुणी बसायला सांगितलंच नसल्यासारखी.

झोम्बाचा रस्ता वाहून गेलेला.
सलाइन पलीकडे, आम्ही अलीकडे.
तंबूत आठ खाटा, प्रत्येकीला मधोमध भोक,
भोकाखाली निळी बादली.
माझ्याकडे उकळलेलं पाणी, साखर, मीठ,
आणि काचिंग्वे बाईंचं एक चित्र.

फळ्यावर त्यांनी आतड्याची पेशी काढली होती.
तेलाची दुपदरी भिंत, भिंतीत दारं.
"पटकी काय करते?
एक दार उघडते आणि कडी मोडून टाकते.
मीठ बाहेर पडतं. पाणी त्याच्यामागे.
पाण्याला स्वतःचं मत नसतं."
"माझ्या नवऱ्यासारखं," मागून कुणी म्हणालं.

बाईही हसल्या. मग शेजारी
दुसरं दार काढलं, अरुंद.
"हे मात्र तिला मोडता येत नाही.
इथे एकट्या मिठाला कुणी आत घेत नाही,
एकट्या साखरेलाही नाही.
दोघं हात धरून आली, तर."
आणि खडू ठेवता ठेवता, जणू विसरलेलं सांगावं तसं:
"आतलं आणि बाहेरचं अगदी सारखं झालं
की ओळखा, पेशी मेली.
जिवंत आहे तोवर ती उपसत राहते.
तीन बाहेर, दोन आत. तीन बाहेर, दोन आत."

एक लिटर पाणी. सहा चमचे साखर, सपाट.
अर्धा चमचा मीठ.
चाखून पाहिलं: आसवांइतकं खारट,
त्याहून जास्त नको.

मिनिटाला एक चमचा.
दर चमच्याला काडेपेटीतली एक काडी
साइझी जमिनीवर मांडत होता.
चाळिसाव्या काडीला लिंबानी ओकला.
दहा मिनिटं थांबले. पुन्हा एक.
काड्या संपल्या, तेव्हा त्यानं
मांडलेल्याच उचलायला सुरुवात केली.

तिसऱ्या खाटेवरची एलुबे मध्यरात्रीनंतर गेली.
तिनं एक चमचाही पोटात ठेवला नव्हता.
नोंदवहीत तिचं नाव मी
नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं.
तेवढ्यात चार मिनिटं बुडाली.
साइझीनं चमचा स्वतः हातात घेतला होता.

माणसानं मिठाला जागावं म्हणतात.
त्या रात्री मीठच जागत होतं,
साखरेचा हात धरून, त्या अरुंद दारातून
कणाकणानं आत शिरत,
आणि पाणी, बिनमताचं,
आज्ञाधारकपणे मागोमाग.

उजाडताना साइझी ओरडला.
मी धावले, वाटलं संपलं.
त्याची लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली,
आणि मांडीवर लिंबानी, जरा ओशाळलेला.
आदल्या सकाळपासूनची ती पहिलीच.
तो बाप लुंगी हातात धरून
मला असा दाखवत होता,
जसं काही जाळ्यात मोठं मासं लागलंय.

मी पुन्हा कातडी चिमटीत धरली.
सोडली. बसली.

रविवारी ती होडी परत गेली, त्याच पाण्याकडे.
क्लोरिनच्या गोळ्या दिल्या आहेत, महिनाभर पुरतील.
महिन्यानंतरचं मला माहीत नाही.
जाताना साइझीनं वाळलेल्या मातेम्बांचा वाटा ठेवला,
केळीच्या पानात बांधून.
मीठ जरा सढळ हातानं लावलेलं.
दुपारभर मला तहान लागत राहिली.