आडवी

पहाटे साडेचारला एल्को सोडलं
तेव्हा गाडीचं बूड चार बोटं दबलेलं
आणि नाक वर.
हेडलाइट रस्ता सोडून ताऱ्यांत काहीतरी शोधत होते.
समोरून येणारा प्रत्येक ट्रक डोळे मिचकावून सांगे,
बाई, दिवे खाली कर.
कसे करू? मागे सव्वाशे किलोचा
भाच्याचा हट्ट बांधलाय.

हिचच्या चौकोनी भोकात लोखंडी दांडा,
दांड्यावर पन्हळ,
पन्हळीत दोन चाकं.
उड्या मारत पुढे जाणारी गोष्ट
अशी आडवी निघते गावाला,
एक चाक वाळवंटाकडे, एक समोरून येणाऱ्यांकडे,
आणि स्वतःच्या बळावर एक इंचही नाही.

बावीस वर्षं स्कूलबस चालवते मी.
मागच्या आवाजावरून कळतं
कोणाचं बिनसलंय, कोणाला उलटी होणार आहे.
ही मात्र गप्प.
दीडशे मैल कान टवकारून बसले,
साधं कुरकुरलीसुद्धा नाही.

पट्टे मी रात्रीच बांधले होते,
चार, रॅचेटचे, मला जमतील तितके करकचून.
साडेतीनला अंगणात टॉर्च हलताना दिसला.
ऑर्विल.
माझा भाऊ, कोल्टरचा बाप,
जो फेब्रुवारीत म्हणाला होता
खाणीत मरायचं तर मर, बाइक इथेच राहील,
आणि तेव्हापासून त्या घरात
कोल्टर हे नाव कोणी ताटात वाढलं नाही.

मी स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही.
त्याने माझा एकेक पट्टा सोडला, पुन्हा ओढला,
पुढचे शॉक अर्धे खाली बसेपर्यंत.
हँडलशी चिंधी घातली, रंग खरवडू नये.
दांडा डुगडुगू नये म्हणून
जास्तीचा एक बोल्ट पिळला, पान्यावर सगळं अंग टाकून.
पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळली
आणि त्यांच्यावर चढवला जुना मोजा,
राखाडी, टाचेला लाल.
मग सीटवर हात ठेवून
नुसता उभा राहिला.
थंडी फार होती. टोपी घातली नव्हती त्याने.

करीच्या पुढे वारा.
सेजब्रश एका अंगाला झोपलेलं,
हरणांचा कळप कुंपणाशी थबकून
माझी शेपटी बघत होता.
शेलबर्नच्या चढावर शेरीफच्या पोराने थांबवलं.
नंबर प्लेट दिसत नाही, म्हणाला.
खरंच आहे, मी म्हटलं, मलाही मागचं काही दिसत नाही.
त्याने वाकून पट्टा ओढून पाहिला, मग दुसरा,
मग सगळी बाइकच हलवून पाहिली. गाडी हलली, बाइक नाही.
"कोणी बांधली?"
"ज्याला द्यायची नव्हती त्याने."
चिठ्ठी न फाडता गेला.

ईलीत कोल्टर रस्त्यातच उभा,
तांब्याच्या धुळीने कान लाल,
बापासारखाच बिनटोपीचा.
आत्या, म्हणाला, आणि माझ्याआधी बाइककडे गेला.
रॅचेट उघडायला हात घातला
आणि मोज्याशी थांबला.
काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
पट्टे सुटल्यावर शॉक वर आले,
कोणीतरी मोठा श्वास सोडावा तसे.
ती सरळ झाली. दोन्ही चाकं एका दिशेला.
पट्टे त्याने परत दिले, चिंधी परत दिली.
मोजा दिला नाही.

येताना कॅरिअर रिकामा.
वेल्सपर्यंत नुसता थयथयाट,
प्रत्येक खड्ड्याला लोखंड बोंबलत होतं.
दिवे मात्र रस्त्यावर.

ऑर्विल फाटकाशी होता, उगीच बिजागरीला तेल घालत.
बोल्टकडे बघत म्हणाला, "वाजलं का?"
"जाताना नाही," मी म्हटलं.
"येताना."
त्याने मान हलवली
आणि तेलाची बुधली बंद करायला
नको इतका वेळ लावला.