सोळा हजार

सेकंदाला सोळा हजार नमुने, सोळा बिट, वाहिनी एक.
भिंतीवर कागद चिकटवलाय, चहाचे डाग पडलेला.
येईल ते येवो, एमपीथ्री, ओपस, व्हॉट्सॲपचे तुकडे,
कुणीतरी मांडीवर फोन ठेवून टिपलेलं साखरपुड्याचं भांडण,
सगळं एकाच मापाच्या डब्यात भरायचं
आणि पुढे धाडायचं, मराठी शिकू पाहणाऱ्या यंत्राकडे.
कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर हा माझा धंदा.
खाली मिसळीची रांग. वर कटकटणारा पंखा;
तोही मागे एका फाइलीत शिरला होता.
काढला.

फाइल चारशे बारा. एएमआर.
दोन हजार नऊ साल, बटणांचा फोन, तांबट आळी.
नरहरी तांबट, वय एकोणऐंशी, कानांनी अधू,
म्हणून ओरडूनच बोलतात,
आणि लाटेचा माथा कापला जातो, परातीच्या तळासारखा सपाट.
ठोका. शब्द. ठोका, ठोका. शब्द.
आवाज घेतलाय आठ हजारांवर.
मी एक ओळ टाइप केली, एंटर मारलं,
फाइल दुप्पट जाड झाली.
आलेख उघडला तर चार हजारांच्या वर
मिट्ट काळोख. ठिपका नाही.
मुळात घेतलंच नाही ते मी कुठून आणू?
कल्हई केली म्हणून भोक बुजत नसतं.

बाराव्या मिनिटाला ते मुलाला सांगतात,
"ती जुनी घागर... ती __ड आता, दामू."
सोड?
की फोड?
'स'चा सगळा वारा त्या वरच्या अंधारात राहतो
आणि फोननं तो उचललाच नव्हता.
बावीस वेळा ऐकलं. हेडफोन बदलून ऐकलं.
लिहून घेणाऱ्या कुमुदिनीनं 'फोड' लिहिलेलं,
तपासणाऱ्यानं खोडून 'सोड'.
यंत्राला एकच उत्तर चालतं.
दोन्ही लिहिली, मध्ये तिरकी रेघ देऊन;
पडद्यावर लाल चौकट आली.

शेवटी सोमवारी स्कूटर काढली.
भद्रकालीच्या गर्दीत ती कुठे लावायची यातच अर्धा तास गेला.
आळीत आता हातोडे मोजकेच,
दामोदर तांबट स्टीलचं दुकान चालवतात,
इंडक्शनवर चालणारे कुकर, हप्त्यानं मिळतील.
फोन त्यांच्या कानाशी धरला.
आधी आठ हजार, मग सोळा हजार.
"दोन्ही सारखंच आहे की," ते म्हणाले.
मी म्हटलं, तेच तर.
मग बराच वेळ गल्ल्यावरची चिल्लर सारखी करत राहिले.
"ठोके चालू होते हो. मला तेव्हाही कळलं नव्हतं."
मग काय केलंत?
"काय करणार? हो म्हणालो."

माळ्यावरून घागर काढून दाखवली.
अर्ध्या अंगावर ठोक्यांची खवलं, अर्धं अंग कोरं.
ना सोडलेली, ना फोडलेली,
आत लग्नपत्रिका आणि एक बंद पडलेला टॉर्च.
ते बाहेर काढून त्यांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

नाद उठला तो उठलाच,
फळीवरच्या वाट्यांनाही कापरं भरलं.
त्यातच दामोदरभाऊ माझ्याकडे बघून काहीतरी बोलले.
ओठ हलले तेवढं दिसलं.

मी हो म्हणालो.